धरण आमचं, करंडक दिल्लीला

येडगावच्या धरणात पाणी कमी-जास्त होतं, टपरीवर प्रशिक्षक मात्र बारमाही असतात. परवा सकाळी सात वाजता मोजले तर अकरा भरले. यातल्या एकानेही शाळा सुटल्यापासून मांडीवर थाप मारलेली नाही, डासासाठी मारली असेल तेवढीच. विषय एकच, पुणेरी पलटणचा कोच ठेवायचा की घालवायचा. पुण्याला जायचं म्हटलं तर चाकणच्या कोंडीत अख्खा सामना संपतो, तरी संघ आमचाच.

1 मार्च 2024 ला हैदराबादेत पलटणने हरियाणा स्टीलर्सला 28-25 असं लोळवलं आणि प्रो कबड्डीचं पहिलं विजेतेपद मिळवलं. त्या रात्री कोच बी. सी. रमेश म्हणजे चाणक्य. ‘बाकावर बसून डाव वाचतो माणूस!’ 2019 ला यांनीच बंगालला जिंकवलं होतं, हा दाखलाही तेव्हाच बाहेर निघाला. पुढच्या हंगामात अस्लम इनामदार जायबंदी झाला, संघ बाद फेरीच्या अलीकडेच अडकला आणि तीच टपरी म्हणू लागली, ‘नुसता बाकावर बसून असतो.’ बाक तोच होता.

मग अजय ठाकूर आले. संघ फायनलला गेला. 31 ऑक्टोबर 2025, दिल्ली. दबंग दिल्ली 31, पलटण 28.

आता जरा हिशेब बघा. जिंकलो तेव्हा आपले गुण 28. हरलो तेव्हाही 28. दोन्ही वेळा फरक तीनचा. 2022 ला मुंबईत जयपूरसमोर तर आपण 29 केले होते, आणि 33-29 असे हरलो. “तो वरचा एकच नडला,” असा निष्कर्ष शेजारगावच्या एका माजी उपसरपंचांनी काढला. 28 वर कसं थांबावं, हे कोचला कळलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. माना डोलल्या. मीही डोलावली, कारण चहा त्यांच्याकडून होता. (नव्हता, हे पुढे कळलं.)

“ठाकूरला घालवा,” एकजण गरजला.

“हळू बोला दादा,” दूधवाला म्हणाला, “हिमाचल पोलिसांत डीवायएसपी आहे तो.”

तिघांनी जागच्या जागी मत बदललं. एकाला तर 2016 चा विश्वचषकही आठवला, फायनलला इराणच्या पकडीतून ठाकूर कसा सुटत होता ते. तिकडे खोडदला रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या आकाशाकडे कान लावून बसल्यात. आमचा गलका त्यांनी पकडला, तर शास्त्रज्ञ पुढची दोन वर्षं कुठल्या तरी ताऱ्याचा अभ्यास करत बसतील.

इराणवरून गाडी साहजिकच शादलूवर आली. मोहम्मदरझा शादलूला पलटणने 2 कोटी 35 लाखांना घेतलं होतं. टोमॅटोवाल्या दादांनी लगेच शंभर रुपये क्रेटने भागाकार केला. दोन लाख पस्तीस हजार क्रेट! “एवढा माल नारायणगावच्या मार्केटला उतरवला तर भाव काय राहील राव?” हा मुद्दा कबड्डीचा नव्हता, पण त्यावर सगळ्यात जास्त वेळ गेला.

लिलावाचं आम्हाला कोणी शिकवू नये. पाडवा आला की नारायणगावात तमाशाच्या राहुट्या लागतात, जत्रा कमिटीवाले येऊन सुपाऱ्या ठरवतात. यंदाचा फड पुढल्या वर्षी दुसऱ्याच गावात नाचतो, म्हणून कोणी डोळे पुसत नाही. शादलू गेला तेव्हा मात्र टपरीने दोन दिवस चहा बिनसाखरेचा घेतला. गेला कुठे? ज्यांना आपण हरवलं त्याच हरियाणाकडे, 2 कोटी 7 लाखांना. आणि हरियाणाने पहिलं विजेतेपद उचललं कुठे? 29 डिसेंबर 2024 ला, पुण्यात, बालेवाडीला. म्हणजे नवरी आपल्या मांडवातून गेली, आणि पंगतीत आपलं पानसुद्धा नाही.

इतका वेळ कोपऱ्यात तंबाखू मळत बसलेले आबा तेव्हा पहिल्यांदा बोलले.

“यात नवीन काय रे? धरण येडगावात. कालवा निघतो तो श्रीगोंदा, कर्जत करत करमाळ्याला. साठवायचं आपण, भिजायचं त्यांनी. कोच काय करंल त्याला?”

टीव्हीवर इतके माजी खेळाडू बसतात, इतके बाण आणि गोल काढतात, पण पलटणचं इतकं नेमकं विश्लेषण मी अजून ऐकलेलं नाही. टपरी गप्प झाली. उपसरपंच पाणी प्यायले.

मग त्यांनी ठराव मांडला: अस्लमला गुडघ्याला बांधायला लेप पाठवावा, ठाकूरांना एक वर्ष मुदतवाढ द्यावी, आणि शादलूबाबत—

“लाइट आली!” कोणीतरी ओरडलं.

थ्री फेजची वेळ. चढाईला तीस सेकंद मिळतात, आमच्या अकरा प्रशिक्षकांना तेवढेही लागले नाहीत. मोटर चालू करायला जो तो आपापल्या वावराकडे पळाला, उपसरपंच तर बिनवावराचे असून सगळ्यांच्या पुढे. निदान रेषेवर आबा, मी आणि टपरीवाला उरलो.

टपरीवाल्याने ग्लास मोजले, गल्ला मोजला, पुन्हा ग्लास मोजले.

“28 चहा गेले,” तो म्हणाला, “25 चे पैसे आले. आता तुम्हीच सांगा भाऊ, आपण जिंकलो का हरलो?”