एमआरपी काका

पायात सँडल, खांद्याला कापडी पिशवी आणि खिशात भिंग. भिंग ज्ञानेश्वरीसाठी नाही, पाकिटाच्या शिवणीत दडवलेल्या बारीक अक्षरांसाठी. असा एक गृहस्थ प्रत्येक सोसायटीत असतोच. खरं नाव काहीही असो, पोरंटोरं त्यांना एमआरपी काकाच म्हणतात. आमचे काका बँकेतून निवृत्त झाले. नोकरीभर त्यांनी लोकांना बारीक अक्षरांखाली सह्या करायला लावल्या. आता तसलीच अक्षरं वाचण्यात त्यांची निवृत्ती मजेत चालली आहे.

मॉलच्या काउंटरवर त्यांच्यामागे उभं राहण्याचा योग कुणाच्या कुंडलीत नसावा. ‘सर, मोबाइल नंबर?’ मुलगी विचारते. आपण तो मुकाट्यानं सांगून टाकतो, मागच्या चौघांना लिहून घेता येईल अशा बेतानं. काका विचारतात, ‘कशाला? फोन करणार आहात?’

‘नंबर टाकल्याशिवाय सिस्टिम बिल घेत नाही, सर.’

‘मग सिस्टिमला बोलवा.’

नंबरासाठी गिऱ्हाइकाला अडवू नका, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं २०२३ सालीच दुकानदारांना बजावलं आहे, हे मग अख्ख्या रांगेला कळतं. रांग चुळबुळते. आपण शेजारच्या चॉकलेटांच्या स्टँडकडे आयुष्यात पहिल्यांदाच चॉकलेट पाहिल्यासारखे बघू लागतो. नेमके तेव्हाच काका मागे वळून म्हणतात, ‘काय हो, बरोबर आहे ना?’ आणि आपली ओळख उघड होते.

पुढचा प्रश्न कॅरीबॅगचा. तो आला, की काका थेट चंदीगडला पोचतात. तिथल्या ग्राहक मंचानं २०१९ मध्ये एका नामांकित बूट कंपनीला ३ रुपयांच्या पिशवीपायी ९००० रुपयांचा फटका दिला होता. ही हकिकत काका सत्यनारायणाच्या कथेसारखी सांगतात. साधुवाण्याच्या जागी बूटवाला, एवढाच फरक. अध्याय संपला, की मुलगी प्रसाद म्हणून पिशवी फुकट पुढे करते. काका ती घेत नाहीत. खांद्यावरची पिशवी उघडून सामान भरतात आणि म्हणतात, ‘प्रश्न पिशवीचा नव्हता.’

हॉटेलात तर पाहुण्यांबरोबर त्यांना नेऊच नये. ‘बिसलेरी की साधं?’ असं वेटरनं विचारल्यावर व्याह्यांच्या देखत ‘साधं’ म्हणायला छाती लागते. काकांना ती आहे. बिल आलं, की भिंग बाहेर निघतं. सर्व्हिस चार्ज परस्पर लावता येत नाही. त्याबद्दलची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं आणि दिल्ली उच्च न्यायालयाचा २०२५ चा निकाल, दोन्ही त्यांच्या मोबाइलमध्ये तयार असतात. मॅनेजर येतो, चार्ज निघतो. मग त्याहून दहा रुपये जास्त वेटरच्या हातावर ठेवून काका उठतात. काकूंच्या मते हा धंदा शुद्ध तोट्याचा आहे.

त्यांच्या कपाटात एक फाइल आहे. तीत पाच रुपयांच्या एकाच बिस्किटपुड्याची वर्षानुवर्षांची वेष्टनं लावून ठेवलेली. किंमत जागच्या जागी, वजन मात्र दर खेपेला काही ग्रॅमनं उतरलेलं. ‘डॉक्टर म्हणतात, बिस्किटं कमी करा,’ काका सांगतात, ‘मी कशाला करू? कंपनी करतेय की!’

एवढा हा वाघ कोपऱ्यावरच्या भाजीवालीपुढे मात्र शेळी होतो. तिच्या मेथीवर ना एमआरपी, ना पॅकिंगची तारीख, ना तक्रारीचा पत्ता. ती सांगेल तो भाव. ‘सुट्टे नाहीत, कोथिंबीर घेऊन जा,’ म्हणून ती सुकलेली जुडी पिशवीत कोंबते, तीही काका निमूट घरी आणतात. कलम सापडत नाही, तोवर बोलायचं कशाच्या जोरावर?

खरं म्हणजे बाजार चालतो तो आपल्या भिडेवर. पाच-दहा रुपयांसाठी चारचौघांत कोण तोंड उघडतंय, याची खात्री असते म्हणूनच ते पाच-दहा रुपये बिलात येऊन बसतात. काकांना पैशाची ददात नाही. त्यांच्याकडे भीड तेवढी नाही, आणि आपल्याकडे ती पोत्यानं आहे.

म्हणून तर मॉलमध्ये त्यांना ओळख न दाखवणारी अख्खी सोसायटी, ऑनलाइन मागवलेला मिक्सर फुटका निघाला, की त्यांच्याच दारावरची बेल वाजवते.

‘पार्सल उघडताना व्हिडिओ काढलात?’

‘नाही.’

‘बिल?’

‘शोधावं लागेल.’

काका एक सुस्कारा सोडतात, १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन फिरवतात आणि तिकडून उत्तर येईतो दीड पानी तक्रारीचा मसुदाही लिहून काढतात. या सगळ्याची फी एक कप चहा. तो मात्र त्यांच्या घरीच प्यावा. आपल्याकडे बोलावलं, तर पहिला घोट घेऊन काका म्हणतात, ‘वा, झकास झालाय! जरा पाकीट आणा बघू.’