पाणी इला काय बंद

कोकणातल्या कुणकेश्वरात इंग्रजी मुंबईहून येते आणि खाऱ्या वाऱ्यात ठेवलेल्या लोखंडासारखी गंजते. ‘चार्जर’, ‘रिचार्ज’ धड राहतात. पण वेळकाळाची इंग्रजी आली की तिची पार वाट लागते.

गेल्या हंगामात शेजारच्या आबांना मुंबईच्या एका गिऱ्हाइकाचा मेसेज आला, ‘सेंड फाइव्ह डझन हापूस टिल संडे.’ बिचाऱ्याला म्हणायचं होतं, रविवारपर्यंत पेटी घरी पोचू दे. त्याला ‘बाय संडे’ हवं. ‘टिल’ म्हणजे रविवार येईतो चालूच ठेवा. आपला ‘पर्यंत’ दोन्ही कामं एकट्यानं उरकतो, त्यामुळे हा घोटाळा मराठी माणसाच्या नशिबी लिहिलेलाच. पण आबांची नात कॉलेजात जाते. तिनं मेसेज व्याकरणशुद्ध वाचून दाखवला आणि मंगळवारपासून रोज पाच डझनांची एक पेटी रवाना होऊ लागली. शुक्रवारी गिऱ्हाइकाचा फोन, “अहो, हे काय चाललंय?” आबा शांतपणे म्हणाले, “तुमीच सांगलास मा, आयतवारपर्यंत? अजून दोन जातली.” पैसे मात्र त्यांनी ‘बाय संडे’ वसूल केले.

‘सिन्स’चंही तेच. ‘वेटिंग सिन्स टू अवर्स’ असं आपण बिनदिक्कत म्हणतो. इंग्रजाला ‘सिन्स’पुढे घड्याळातला ठोका लागतो, मुदतीसाठी ‘फॉर’. स्टँडवर ताटकळणाऱ्याला हा भेद कोण समजावणार?

खरी गंमत मध्यरात्रीची. आपला दिवस सूर्योदयाला सुरू होतो, इंग्रजी तारीख सगळे झोपल्यावर गुपचूप बदलते. त्यात ते ए.एम.-पी.एम.! त्यातला ‘एम.’ म्हणजे मध्यान्ह. मग ‘बारा ए.एम.’ दुपारचे की रात्रीचे, हे साहेबालाही धड सांगता येत नाही. जाणते सरळ ‘मिडनाइट’ लिहितात. महाशिवरात्रीच्या यात्रेला मुंबईहून आलेल्या माझ्या भाच्याचं परतीचं तिकीट रविवारचं, मध्यरात्र नुकतीच उलटल्यावरचं. म्हणजे शनिवारी रात्री जेवून निघायला हवं होतं. हा गडी रविवारी रात्री सोलकढी पिऊन ढेकर देत कणकवली स्टेशनात हजर.

“गाडी लेट आहे का हो?”

“नाय रे बाबा. अगदी टायमार गेली. काल.”

त्यालाच का हसा? १ जानेवारी १९०६ला देशासाठी एक प्रमाणवेळ ठरली, तरी मुंबईनं आपला ३९ मिनिटं मागचा ‘बॉम्बे टाइम’ १९५५पर्यंत सोडला नव्हता. चाकरमान्याला उशिराचा वारसाच आहे.

राहिले ‘ऑन टाइम’ आणि ‘इन टाइम’. पहिल्यात ठरल्या ठोक्याला हजर व्हायचं, दुसऱ्यात फाटक लागायच्या आत शिरायचं. माझ्या मते कुणकेश्वराच्या देवळामागच्या समुद्राला दुसराच कळतो. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. ओहोटीला खडकांवर उघडी पडणारी शिवलिंगं बघायची, तर पाणी चढायच्या आत पोचलात तर पोचलात. परवा एका पर्यटकानं आबांना विचारलं, “शिवलिंगांचं टायमिंग काय?”

“पाणी इला काय बंद.”

“आणि उघडणार कधी?”

“पाणी गेला काय.”

त्यानं लगेच मागच्या गाडीतल्या मंडळींना फोन लावला, “अरे, सावकाश या. क्लोज्ड फॉर लंच!”