शेवट ठाऊक असलेली गोष्ट

आमच्या आणि पलीकडच्या काकींच्या घरामध्ये छातीएवढी भिंत आहे. ती कुणी बांधली यावर दोन्ही घरांत मतभेद आहेत, पण तिचा उपयोग दोघींनाही सारखाच होतो. वाटीभर आमटी, उसनं दही, शेवग्याच्या शेंगा आणि गल्लीतल्या बातम्या, सगळं तिच्यावरूनच इकडचं तिकडं जातं. जुलैत आठवडाभर ऊन नव्हतं. कळंब्याचा तलाव भरला, सांडव्यावरून पाणी सुटलं आणि निम्मी गल्ली ते बघायला गेली. मी गेले नाही. काकींच्या ते लगेच लक्षात आलं.

“काय गं, दोन दिस तोंड न्हाई दिसलं. बरं न्हाई काय?”

“बरी आहे की. वाचत होते.”

“काय वाचालतीस?”

“‘स्वामी’.”

काकींचा कडीपत्ता खुडणारा हात थांबला. “आत्ता? ह्या वयात?” चव्वेचाळिसाव्या वर्षी मला गोवर आल्यासारखं त्यांनी माझ्याकडं बघितलं. “अगं, मी दोनदा वाचलो की ते. लग्नाआधी एकदा नि थोरला पोटात असताना एकदा.”

(आमच्या कोल्हापूरच्या बायका ‘मी वाचलो, मी आलो’ असंच म्हणतात. पुण्याच्या पाहुण्यांना ते चुकल्यासारखं वाटतं. त्यांना वाटू दे.)

आता कबूल करायला हरकत नाही. ‘स्वामी’ आलं १९६२ साली, १९६४ मध्ये त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. रणजित देसाई तर आपल्याच जिल्ह्यातले, चंदगड तालुक्यातल्या कोवाडचे. तरी मी त्या पुस्तकाला हात लावला नव्हता. ऐतिहासिक कादंबरी म्हणजे मुजरे, तलवारी आणि सनावळ्या, अशी माझी पक्की समजूत होती. शाळेत तहांची कलमं पाठ करून ज्यांचे मार्क गेले त्यांनाच हे दुःख कळेल. शिवाय माझी एक वाईट खोड आहे, कुठलंही पुस्तक घेतलं की मी आधी शेवटचं पान वाचते. गोड होणार असेल तर पुढं जायचं, नाहीतर पुस्तक परत.

“मग ह्येचं शेवटचं पान वाचलंस काय?”

“वाचायचं काय त्यात? थेऊर सगळ्यांना ठाऊक आहे.”

मजा तिथंच आहे. माधवराव १७६१ मध्ये, पानिपतानंतर, सोळाव्या वर्षी पेशवा होणार. १८ नोव्हेंबर १७७२ ला, सत्ताविसाव्या वर्षी, थेऊरला क्षयानं जाणार. रमाबाई सती जाणार. लेखकाकडं लपवायला काहीच नाही. तरी मी रात्री दीड वाजता दिवा लावून बसले होते. कशासाठी, तर त्या दोघांना एकदा तरी निवांत बोलायला मिळतंय का ते बघायला! तिकडं निजाम आहे, हैदर आहे, डोक्यावर कर्जाचा डोंगर आहे, घरात काका रुसलाय, आई तापट. वाड्यात दासदासी, कारकून, आश्रित. एवढ्या माणसांतून नवरा-बायकोच्या वाट्याला काय यावं? चार वाक्यं, तीही अदबीची. त्या चार वाक्यांसाठी मी पानंच्या पानं राजकारण मुकाट्यानं वाचलं. दुसऱ्या दिवशी गवारीची भाजी करपली ती वेगळीच.

माझी लेक मोबाईलवर इंग्रजी कादंबऱ्या वाचते, त्यातले उमराव तीनशे पानं झाल्यावर हिरोईनचा हातमोजा काढतात म्हणे. ती म्हणाली, आई, याला ‘स्लो बर्न’ म्हणतात.

काकींनी शब्द चघळून बघितला. “स्लो म्हंजे हळू. बर्न म्हंजे जळणं. म्हंजे धुमसणं की गं. शेणीच्या इंगळावर दूध ठेवलेलं असतंय न्हवं, तसं. उतू जात न्हाई, पर सांजच्याला बघावं तर तांबूस झालेलं असतंय.”

“मालिकांतही हळूहळूच चालतं की काकी. वर्ष झालं तरी मंगळसूत्र घालून होत नाही.”

“ते हळू न्हवं, ते पाणी घालून वाढवलेलं.”

यावर मी काय बोलणार? काकींची मालिकांवरची टीका ऐकून घ्यावी, कारण त्या एकही चुकवत नाहीत. दूरदर्शनवरची ‘स्वामी’ मालिका त्यांनी शेजारच्यांकडं दारात उभं राहून बघितली होती, कारण आत जागा नसायची. रवींद्र मंकणी माधवराव, आणि रमाबाई म्हणजे मृणाल देव, आत्ताच्या मृणाल कुलकर्णी. पुढं २०१४ मध्ये त्यांनीच ‘रमा माधव’ हा सिनेमा दिग्दर्शित केला आणि स्वतः गोपिकाबाई झाल्या. “बघ,” काकी म्हणाल्या, “सून हुती ती सासू झाली. कुणाला चुकलंय?”

मग त्यांनी खुडलेला कडीपत्ता भिंतीवर ठेवला आणि आवाज खाली केला. सून स्वयंपाकघरात होती.

“तुला सांगू? तुमी लोक ते कादंबरी म्हणून वाचताय. आमच्यात तसंच हुतं. घरात सोळा माणसं. दिवसा मालकांकडं बघायची सोय न्हाई, बघितलं की सासूबाईंची भांडी वाजायची. नाव घ्यायचं ते फकस्त उखाण्यात. सा महिनं तर मला त्यांचा आवाजच नीट ठाऊक नव्हता, मोट्यांदा बोलले की वाटायचं दुसरंच कोण आलंय.”

“मग?”

“मग काय! एक दिवशी चुलीजवळच्या मिठाच्या बरणीमागं सोनचाफ्याचं फूल. कागदात गुंडाळलेलं. मी काय बोललो न्हाई, त्ये बी बोलले न्हाईत. दुसऱ्या दिवशी परत एक. आठ दिस चाललं हुतं ते. नवव्या दिवशी जाऊबाईंनी बरणी हलवली.”

“आणि?”

“जाऊबाई शहाण्या. त्यांनी ते फूल माझ्या केसात खोवलं नि म्हणाल्या, मिठाला वास लागतोय.”

काकी हसल्या आणि लगेच घराकडं वळून बघितलं. या बाईंनी ‘स्वामी’ दोनदा का वाचलं ते मला तेव्हा कळलं. मी त्यात अडथळे मोजत बसले होते, त्यांना ते अडथळे माहेरासारखे ओळखीचे होते. आमच्या लग्नात दोघांनाच वेगळी खोली होती, स्कूटर होती, आता तर एकाच सोफ्यावर बसून दोन मोबाईल बघतो. बोलायला कुणी आडवं येत नाही, म्हणून बोलायचं राहून जातं. असो. हा विषय भिंतीवरून बोलायचा नव्हे.

एका गोष्टीवर मात्र आमचं भांडण झालं. मी म्हटलं, शेवट मला पचला नाही. बरोबरीनं संसार केलेली बाई चितेवर चढते आणि आपण डोळे पुसून ‘काय हे प्रेम’ म्हणायचं? काकी म्हणाल्या, लेखकानं कुठं घडवलंय ते, घडलंच तसं. मी म्हटलं, घडलं ते ठीक, पण त्याला हळदीकुंकू वाहून वाचायचं की नाही ते आपल्या हातात आहे. काकी गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “मग तू ‘शिकस्त’ वाच. ना. सं. इनामदारांचं. ‘राऊ’वाले त्ये.”

‘राऊ’ आमच्या घरात फक्त लेकीला माहीत, तेही २०१५ च्या ‘बाजीराव मस्तानी’मुळं. ‘शिकस्त’ पार्वतीबाईंची, सदाशिवरावभाऊंच्या बायकोची. या बाई पानिपतावर नवऱ्याबरोबर गेल्या होत्या. १४ जानेवारी १७६१ नंतर भाऊ परत आले नाहीत, आणि बाईंनी वैधव्य मानलंच नाही. भाऊ म्हणून एक तोतया उभा राहिला, त्याला १७७६ मध्ये मारलं, तरी यांचं कुंकू तसंच. १७८३ मध्ये गेल्या. बावीस वर्षं वाट बघितली.

“आता तुझ्या पोरीला विच्यार,” काकी म्हणाल्या, “ह्याला काय बर्न म्हणायचं ते.”

आणि एवढं झाल्यावर गप्पाष्टकाचा खरा मानकरी विषय निघाला नसता तर ती भिंत कसली! काकींनी इकडं तिकडं बघितलं. रणजित देसाईंच्या पत्नी माधवी देसाई, आपल्या भालजी पेंढारकरांच्या कन्या, त्यांनी ‘नाच गं घुमा’ लिहिलं. रमा-माधवाचा संसार ज्यांनी एवढ्या मायेनं रंगवला, त्यांच्या घरातली बाजू त्या पुस्तकात बाईंच्या शब्दांत आहे. तो संसार टिकला नाही. काकींचं म्हणणं, दोन्ही पुस्तकं एकापाठोपाठ वाचावीत, मधे दुसरं काही वाचू नये. मला हे पटलं. लेखक खोटा ठरत नाही त्यामुळं, पण कागदावर सबुरी दाखवणं आणि घरात ठेवणं ही दोन वेगळी कामं आहेत एवढं दिसतं.

तेवढ्यात आतून हाक आली, दूध उतू गेलं होतं. गॅसवरचं.

जाता जाता काकी परत वळल्या. मंडळाच्या बायकांबरोबर अष्टविनायक केलं तेव्हा थेऊरला त्यांना वीस मिनिटं मिळाली होती. चिंतामणीचं दर्शन, नारळ, प्रसाद, चला गाडीत. गाडीवाला हॉर्न वाजवत होता. ज्यासाठी दोनदा कादंबरी वाचली ते बघायचं राहिलं ते राहिलंच, आणि आता गुडघे ऐकत नाहीत.

तेव्हा तुम्ही थेऊरला गेलात तर दर्शन घेऊन लगेच गाडीत बसू नका. नदीकाठी रमाबाईंचं वृंदावन आहे, तिथवर चालत जा. आणि जमलं तर आमच्या काकींच्या नावानं एक सोनचाफ्याचं फूल ठेवा.