दहापैकी दहा गुण

चिनी प्रेममालिकांचा मुरलेला प्रेक्षक तसा समजूतदार असतो. कंपनीचा तरुण मालक सकाळी एका कागदावर सही ठोकतो आणि दिवसभर नायिकेच्या मागे फिरायला मोकळा होतो. ती कंपनी नेमकं बनवते काय, हे शेवटच्या भागापर्यंत कळत नाही. प्रेक्षक विचारत नाही. नायिका सपाट फरशीवर अडखळते आणि नेमकी मालकाच्या ओठांवर पडते. प्रेक्षक तेही चालवून घेतो. कराराचं लग्न तर आता घरचं कार्य. पण २०१९ साली आलेल्या ‘वेल-इंटेंडेड लव्ह’ने अशा सोशिक माणसालाही गादीवरून उठवून बसवलं.

शिया लिन ही तिसऱ्या फळीतली धडपडी नटी. तिला रक्ताचा कर्करोग निघतो. तिच्याशी अस्थिमज्जा जुळते ती लिंग यीझोउ या गडगंज मालकाची. मज्जा द्यायला गडी तयार आहे. अट एकच, लग्न कर.

इथपर्यंत मराठी प्रेक्षकाची काहीच तक्रार नसते. उलट स्थळ चांगलं वाटतं. आपल्याकडे पत्रिकेत छत्तीसपैकी अठरा गुण जुळले की दोन्हीकडची मंडळी हॉल शोधायला लागतात. मज्जेच्या जुळणीत साधारण दहा खुणा पाहतात आणि डॉक्टरांना जमल्यास दहापैकी दहा हव्या असतात. सख्ख्या भावंडांतसुद्धा पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक, परक्यात तर फारच दुर्मिळ. मग असा मुलगा सोडायचा कसा? नाडी, मंगळ, गोत्र, सगळं पेशींनीच मिटवलं. मुलाला काही आजारबिजार आहे का, हे आडून विचारायचीही गरज नाही. दात्याची तपासणी रुग्णालयच करून देतं.

आता यात एक बारीकशी अडचण आहे. दाता कोण, हे रुग्णाला कळूच द्यायचं नसतं. चीनमध्ये दोघांची नावं एकमेकांपासून लपवून ठेवतात, आपल्याकडेही सुरुवातीला तेच. देणाऱ्याने घेणाऱ्याकडे पैसे, दागिने, मुलगी असं काही मागू नये म्हणून. नियम करणाऱ्यांनी हा मालक आधीच पाहिलेला असणार.

पण खरी मौज पुढेच. बरेच भाग डोळे पुसून झाल्यावर कळतं, की शिया लिनला कर्करोग नव्हताच. तो मालकाने घडवून आणलेला बनाव होता. मुलगी आवडली होती, जवळ यायचं होतं, दुसरा मार्ग सुचला नाही. कॉफीला चलतेस का, असं विचारायला लाज वाटली असेल.

याचा जरा हिशेब मांडायला हवा. एका धडधाकट मुलीला रक्ताचा कर्करोग लावायचा, तर एका खोट्या कागदावर भागत नाही. रक्त घेणारा सामील हवा, पांढऱ्या पेशींचा आकडा बदलणारा हवा, तो आकडा वाचून चष्मा काढणारा डॉक्टर हवा. पक्क्या निदानासाठी कमरेच्या हाडात सुई घालून मज्जेचा नमुना काढतात. तो काढला का? काढला असेल, तर ठणठणीत मुलीच्या हाडात सुई कुणी खुपसली? नसेल, तर निदान काय मालकाच्या स्वाक्षरीवर झालं? केमोथेरपीचं काय केलं, ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणत किती आठवडे ढकलले? आणि तिच्या एखाद्या चौकस मावशीने ‘अगं, दुसऱ्या डॉक्टरला दाखवून घे’ म्हटलं असतं तर? त्या दुसऱ्या दवाखान्यातही माणूस पेरून ठेवला होता का, आणि त्याच्या शेजारच्या लॅबमध्ये? एवढी यंत्रणा उभी करणाऱ्या माणसाला आपण उगाच नावं ठेवतो, की कंपनीत लक्ष घालत नाही. हीच त्याची कंपनी. उत्पादन, खोटे रिपोर्ट. गिऱ्हाईक, एक.

आणि याला म्हणे प्रेम. कसलं डोंबलाचं प्रेम! आपण मरणार या धास्तीत एका मुलीला रोज झोपवायचं, रोज उठवायचं, त्याच धास्तीत तिची लग्नाला सही घ्यायची, आणि पितळ उघडं पडलं की पडलेल्या चेहऱ्याने उभं राहायचं, मागे पियानो लावून. ती चिडते, दूर जाते, आणि वीस भागांच्या आत सगळं गोड होतं. या गृहस्थाला बेड्या पडायला हव्या होत्या, पडली वरमाला. मालिकेच्या नावातच ‘हेतू चांगला होता’ हा बचाव आधीच मांडून ठेवला आहे. आरोपीचा वकील श्रेयनामावलीत.

चीनच्या नागरी संहितेत, जी १ जानेवारी २०२१ पासून लागू आहे, कलम १०५३ असं सांगतं की लग्नाआधी स्वतःचा गंभीर आजार लपवला, तर दुसऱ्याला लग्न रद्द करून मागता येतं, कळल्यापासून वर्षभरात. बायको ठणठणीत आहे ही गोष्ट बायकोपासूनच लपवली तर काय, याबद्दल कलमात अक्षर नाही. कायदे लिहिणाऱ्यांच्या घरी मालिका लागत नसाव्यात.

मालिकावाल्यांचा दवाखान्यावर एवढा जीव का, हा जुनाच राग आहे, आणि तो एकट्या चीनवर नाही. आपल्या मालिकांतही रिपोर्टची अदलाबदल होते, स्मृती जाते आणि सणासुदीला परत येते. ज्या घरात खरोखर मज्जेचा दाता शोधतात, तिथे भावाबहिणींची तपासणी होते, जुळत नाही, मग अनोळखी माणसांच्या यादीकडे डोळे लागतात. यादीत कुणी सापडलंच, तर ऐनवेळी त्याच्या घरचे ‘कशाला उगीच’ म्हणून अडवतात. त्या घरांत पियानो वाजत नाही.

२०२० साली मालिकेचा दुसरा हंगाम आला. पात्रं तीच, गोष्ट पुन्हा पहिल्यापासून. झालं गेलं पुसून टाकायची सोय मालकांना पटकथेतही मिळते.

ज्यांना मालिका बघून मज्जा द्यावीशी वाटली असेल, त्यांच्यासाठी माहिती. नाव नोंदवताना गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवून नमुना घेतात. पुढे कुणाशी जुळलंच, तर बहुतेक वेळा चार-पाच दिवस इंजेक्शनं घ्यावी लागतात आणि मग रक्त दिल्यासारखं हातातूनच काढतात. नोंदणी जरूर करा. फॉर्ममध्ये ‘विवाहविषयक अपेक्षा’ असा रकाना नसतो.