रडारच्या नाकावर झेंडूचा हार

सातारा-सांगलीकडे नवी गाडी काढली की ती शोरूममधून सरळ घरी येत नाही. सातारकर असला तर खिंडीतला गणपती, सांगलीकर असला तर संस्थानचा गणपती, आणि मग गावाकडचं दैवत. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक निघतं, चारी चाकांखाली लिंबं जातात आणि समोरच्या जाळीवर झेंडूचा चांगला घसघशीत हार चढतो. इथपर्यंत सगळं शास्त्राला धरून. अडचण पुढे येते, कारण हल्लीच्या बऱ्याच गाड्यांचा रडार नेमका त्या जाळीत, कंपनीच्या बोधचिन्हाच्या आसपास बसवलेला असतो. झेंडूमुळे त्याला पुढचं दिसेनासं होतं आणि पडद्यावर सूचना झळकते, की समोरचा सेन्सर झाकला गेला आहे. देव पावला की कोपला, यावर पाठच्या सीटवर दोन तट पडतात.

हा रडार ७७ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी पुढे सोडतो, त्या आपटून परत आल्या की पुढची वस्तू किती लांब आहे आणि किती वेगाने जवळ येते आहे, ते मोजतो. काचेमागचा कॅमेरा रस्त्यावरचे पांढरे पट्टे वाचतो. दोघांचं मिळून जे काही चालतं त्याला ‘अडास’ म्हणतात. २०२१च्या ऑगस्टमध्ये महिंद्राची एक्सयूव्ही ७०० आणि ऑक्टोबरमध्ये एमजीची ॲस्टर बाजारात आली, तेव्हापासून हा शब्द मध्यमवर्गीय घरातल्या जेवणाच्या ताटापर्यंत पोचला. पट्टा सोडला तर स्टिअरिंग थरथरतं, ठोकर बसेलसं वाटलं तर गाडी आपणच ब्रेक मारते.

पुणे-बंगळुरू महामार्गावर हे गुण दिसतातही. कंटाळलेल्या ड्रायव्हरचा डोळा लागत असताना त्याला जागं करणारं यंत्र कोणाला नकोसं होईल? पण कऱ्हाड सोडून विट्याकडे, तासगावकडे आत वळलं की पांढरा पट्टा ही ऐकीव गोष्ट होते. कुठे एका बाजूला असतो, कुठे नुसता आठवणीपुरता, कुठे तो शेणाच्या पोवापाशी संपतो. कॅमेरा बिचारा शोधत राहतो. मधेच एखादा जुना पट्टा सापडला की त्याला भलताच आत्मविश्वास येतो आणि स्टिअरिंग थरथरू लागतं. मागून आत्याबाई विचारतात, “आरं, गाडीला हुडहुडी भरली का काय?”

खरी परीक्षा मात्र गळीत हंगामात. कारखाने सुरू झाले की रस्त्यावर ट्रॅक्टर येतो, त्याच्यामागे एक ट्रॉली, तिच्यामागे दुसरी आणि दोन्हींच्या बाहेर हात-दोन हात लोंबणारा ऊस. अंधारात मागचा दिवा असेल तर पुण्याई, रिफ्लेक्टर असेल तर साखर आयुक्तांची कृपा. त्यात बैलांच्या टायरगाड्यांची रांग. तिचा वेग बैलांच्या मर्जीवर. परदेशी रस्त्यांवर वाढलेल्या तंत्राला ही वस्तू मोटार आहे की चालतं शेत, याचा उलगडा कसा व्हावा? ऊस दिसला की आपणच ब्रेकवर पाय ठेवायचा, हा इकडचा अडास. तो पिढ्यान्पिढ्या चालत आलेला आहे आणि त्याला अपडेट लागत नाही.

गंमत अशी, की ज्या उसासाठी गाडी कचकन थांबते, तोच तिच्या टाकीत आहे. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल फेब्रुवारी २०२३मध्ये विक्रीला आलं आणि या इथेनॉलचा एक वाटा उसाचा रस आणि मळी यांतून येतो. सांगली-साताऱ्याच्या शेतकऱ्याचा ऊस आधी गाडीच्या आडवा येतो आणि मग तिला ढकलतोही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नितीन गडकरींनी दिल्लीत इथेनॉलवर चालणाऱ्या इनोव्हाचा नमुना दाखवला, तेव्हा इकडच्या पारावर पहिला प्रश्न निघाला तो मायलेजचा नव्हे, एफआरपीचा, म्हणजे उसाच्या किमान दराचा.

गाडीचं बोलणं हा वेगळाच विषय. १ जुलै २०१९पासून नव्या मोटारीत वेगाची सूचना सक्तीची झाली. ताशी ८०च्या पुढे अधूनमधून टुंटुं, १२०च्या पुढे अखंड. पुढच्या सीटवर पट्टा न लावता बसलं तरी टुंटुं. यावर लोकांनी शोधलेला तोडगा म्हणजे नुसती क्लिप. पट्टा नाहीच, फक्त त्याचं टोक खाचेत खुपसायचं, की गाडी समाधानाने गप्प. शेवटी मे २०२३मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला पाच ऑनलाइन कंपन्यांना या क्लिपा विकू नका असा आदेश काढावा लागला. जीव वाचवायला बसवलेल्या यंत्राचं तोंड बंद करण्यासाठी पदरचे पैसे मोजणारं गिऱ्हाईक पाहून संशोधकांनी काय समजावं!

या मुलखाला यंत्र नवं नाही. किर्लोस्करवाडी १९१०ची. साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यात प्रिया स्कूटर तयार होत होती. स्कूटर तिरपी करायची, सरळ करायची, किक मारायची; बिघाड झालाच तर प्लग काढून फुंकर. आता गॅरेजवाला आधी लॅपटॉप जोडतो, पडद्यावर आकडे वाचतो आणि डॉक्टरसारखा गंभीर चेहरा करतो.

किकवर ज्यांची श्रद्धा अढळ राहिली, त्यांतले एक सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार. यशवंतराव चव्हाणांचं हे जन्मगाव. लोहारांनी मुलाच्या हट्टापायी भंगारातल्या सामानातून सुमारे साठ हजारांत छोटी जीप बनवली. स्टिअरिंग डावीकडे आणि गाडी सुरू करायला दुचाकीसारखी किक. अडास नाही, एअरबॅग नाही, टुंटुं नाही. डिसेंबर २०२१मध्ये तिचा व्हिडिओ आनंद महिंद्रांच्या नजरेला पडला. ही कुठल्याच नियमात बसत नाही आणि आज ना उद्या अधिकारी ती रस्त्यावरून हटवतील, असं सांगून त्यांनी बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२मध्ये सौदा पुरा झाला आणि लोहारांची जीप चेन्नईजवळच्या महिंद्रा रिसर्च व्हॅलीतल्या संग्रहात ठेवू, असं महिंद्रांनी जाहीर केलं. म्हणजे ऐंशीच्या पुढे ओरडणारी गाडी देवराष्ट्र्याच्या वाट्याला आली, आणि जन्मात कधी न ओरडलेली संशोधकांच्या.