बंबावर चाललेला देश

मॉस्कोच्या यारोस्लाव्हल स्थानकातून सुटलेली गाडी व्लादिवोस्तोकला पोचते तेव्हा 9288 किलोमीटर झालेले असतात आणि घड्याळ सात तास पुढे गेलेले असते. आपण कोणत्या वारी निघालो होतो, हे प्रवाशाला आठवत नसते. मधे जवळजवळ एक आठवडा जातो. विमान हेच अंतर आठ-नऊ तासांत कापते, असे आमच्या सर्व नातेवाइकांनी आम्हाला स्वतंत्रपणे फोन करून कळवले. गाडीत ही माहिती कोणीही दिली नाही. तिथे घाई कोणालाच नव्हती.

ही रेल्वे बांधायला घेतली तेव्हा पूर्वेकडच्या टोकाची पायाभरणी करायला युवराज निकोलस 1891 साली व्लादिवोस्तोकला गेला. रेल्वे अजून व्हायची होती, म्हणून बिचारा जहाजाने निघाला. ग्रीस झाले, इजिप्त झाले, 1890च्या डिसेंबरात मुंबई झाली, मग जपान. जपानात बंदोबस्तावरच्या पोलिसानेच त्याच्या डोक्यावर तलवार चालवली. तो वाचला आणि तीन आठवड्यांच्या आत व्लादिवोस्तोकला मातीची ढकलगाडी ढकलायला हजर झाला. आपल्याच देशाच्या दुसऱ्या टोकाला जाताना वाटेत मुंबई लागत असेल, तर रेल्वे बांधायला आणखी कारण शोधायची गरज नाही.

गाडीत दोन मुख्य वर्ग. ‘प्लात्स्कार्त’मध्ये 54 माणसे, दार नाही, आणि बोळाच्या कडेने साइड बर्थसुद्धा. ‘कुपे’मध्ये चार माणसे आणि सरकते दार. बायकोने दारासाठी कुपे निवडला. ते दार मग फक्त रात्री लागले, कारण समोरच्या खालच्या बर्थवर एक आजीबाई होत्या आणि त्यांना बोळातून कोण गेले हे कळणे आवश्यक होते. त्यांना चिताला उतरायचे होते, म्हणजे सहा हजारांहून अधिक किलोमीटर सहवास होता. आम्हाला मुले किती, माझा पगार किती आणि बायकोच्या बांगड्या खऱ्या सोन्याच्या का, हे तिन्ही प्रश्न त्यांनी एकही सामाईक शब्द नसताना विचारले आणि तिन्हींची उत्तरे मिळवली. वरच्या बर्थवर सुट्टीवर निघालेला एक सैनिक पोरगा होता. तो जेवायला खाली यायचा आणि जेवून वर जायचा.

गाडी सुटल्यावर दहा मिनिटांत सगळ्या डब्याने कपडे बदलले. फलाटावर कोट घालून उभे असलेले भारदस्त गृहस्थ ट्रॅकपँट आणि सपाता घालून हातात मग घेऊन बोळात फिरू लागले. त्यानंतर कोणाचा हुद्दा काय हे कळायला मार्ग उरला नाही.

हुद्दा फक्त एकाच व्यक्तीला होता. प्रत्येक डब्याला एक ‘प्रवदनित्सा’ असते. ती पाळीने काम करते, म्हणून खरे तर दोन असतात, पण दोघींचा दरारा मिळून एकच. ती दारात पासपोर्ट तपासते, चादरी देते, मोजून परत घेते, जाजम झाडते आणि आपले स्टेशन आले की मध्यरात्रीही खांद्याला हलवून उठवते. जुन्या डब्यांत स्टेशन यायच्या आधी ती शौचालयाला कुलूप लावते आणि स्टेशन मागे पडल्यावरच उघडते, कारण तिथला सगळा कारभार थेट रुळांवर. त्यामुळे बोळात लावलेले वेळापत्रक प्रवासी किती भक्तिभावाने वाचतात! कोणत्या स्टेशनवर गाडी किती मिनिटे थांबणार, हा तिथे भूगोलाचा प्रश्न राहत नाही.

पण प्रवदनित्सेचे खरे राज्य चालते ते डब्याच्या टोकाला असलेल्या उकळत्या पाण्याच्या टाकीवर. रशियन लोक तिला ‘तितान’ म्हणतात. बायकोने तिच्याकडे एकदाच पाहिले आणि म्हणाली, “अहो, हा तर आजीच्या न्हाणीघरातला बंब!” तिचे बरोबर होते. खाली विस्तव, वर पाणी, बाजूला तोटी, आणि जवळ गेले की अंगाला लागणारी तीच धग. या बंबावर अख्खा डबा जगतो. चहा त्याचा, कॉफी त्याची, पाकिटातल्या शेवयांचे जेवण त्याचे, सैनिक पोराची दाढीसुद्धा त्याच पाण्याची. पाणी फुकट आणि चोवीस तास. चहा प्रवदनित्सेकडून घेतला तर नक्षीदार धातूच्या धारकात बसवलेला काचेचा ग्लास मिळतो. तो हातात आला की ट्रॅकपँटमधला माणूससुद्धा खानदानी दिसतो.

पोटाची सोय झाली तरी वेळेचा प्रश्न होता. आम्ही गेलो तेव्हा रशियन रेल्वे सगळीकडे मॉस्कोच्या वेळेने चालायची. तिकिटावर स्थानिक वेळ आली ती 2018च्या ऑगस्टपासून. म्हणजे बाहेर टळटळीत दुपार आणि स्टेशनवरच्या घड्याळात सकाळचे सात, असा प्रकार. मोबाइल स्वतःच्या मनाने पुढे जात होता. बायकोचे मनगटी घड्याळ मुंबईच्या वेळेवर ठाम होते. अशा तीन वेळांच्या मधोमध संकष्टी आली.

“अहो, चंद्रोदय किती वाजता?”

“कुठला?”

“चंद्राचा!”

कालनिर्णयात सायबेरियाचा चंद्रोदय देत नाहीत. मी नकाशा उघडला, तेव्हा एक दिलासा मिळाला. पुढे येणारे ओम्स्क शहर जवळजवळ मुंबई-पुण्याच्याच रेखांशावर आहे. नाकासमोर उत्तरेला चालत राहिले तर पुणेकर सरळ ओम्स्कला पोचेल, आणि तिथे गेल्यावर आमच्याकडे याहून चांगले स्टेशन आहे असे सांगेल. मी बायकोला म्हणालो की इथे मुंबईचीच वेळ धरायला हरकत नाही. ती म्हणाली, “रेखांश गणपतीला सांगा, मला चंद्र दिसला पाहिजे.” उन्हाळ्याचे दिवस होते. त्या अक्षांशावर सूर्यच मावळायला तयार नव्हता, चंद्राने कुठून उगवायचे?

दरम्यान एका स्टेशनवर फलाटावरच्या बायकांकडून उकडलेले बटाटे मिळाले. उपासाला बटाटा, म्हणजे देवच पावला. पण त्यावर हिरवेगार शेपू भुरभुरलेले. रशियात शेपूपासून सुटका नाही. सूप, काकडी, मासे, बटाटा, सगळ्यावर शेपू. शेपूच्या वासाने ज्यांनी लहानपणी ताट पुढे सरकवले, त्या सर्वांचा हिशेब सायबेरियात चुकता होतो. बायको एकेक काडी वेचून बाजूला ठेवू लागली. आजीबाईंना वाटले, हिला कमी पडले. त्यांनी स्वतःच्या पिशवीतून शेपूची जुडी काढून प्रेमाने वर पसरली.

शेवटी खिडकीत चंद्र आला. तेव्हा मोबाइलवर साडेअकरा, बायकोच्या घड्याळात अकरा आणि मॉस्कोत साडेआठ वाजले होते. एकाच चंद्राने तिन्ही वेळा मान्य केल्या. आजीबाईंनी बायकोबरोबर हात जोडले आणि लगेच ब्रेड-सॉसेज पुढे केले. सॉसेज परत गेले. त्याच्या बदल्यात चिवडा गेला. सैनिक पोरगा त्यासाठी खास वरून उतरला.

बाहेर भूर्जाची झाडे होती. पहिल्या दिवशी आम्ही त्यांचे फोटो काढले. दुसऱ्या दिवशी एकमेकांना दाखवली. पुढे ती आहेत हे गृहीत धरले. मग एका सकाळी झाडे बाजूला झाली आणि बैकाल सरोवर आले. गाडी त्याच्या काठाने तासन् तास जाते. जगातले सर्वांत खोल सरोवर, 1642 मीटर. पृथ्वीच्या पृष्ठभागावरच्या न गोठलेल्या गोड्या पाण्याचा सुमारे पाचवा हिस्सा एवढ्यात आहे. काठाचा मार्ग पूर्ण व्हायच्या आधी गाडीचे डबे बर्फफोड्या जहाजावर चढवून पलीकडे नेत. 1904 साली जपानशी युद्ध पेटले तेव्हा तर गोठलेल्या सरोवरावर रूळ टाकले होते. मी हे सगळे रंगवून सांगितले. बायको बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, “एवढं पाणी बाहेर, आणि आत आंघोळीची सोय नाही.”

चिताला आजीबाई उतरल्या. उतरताना उरलेली शेपूची जुडी बायकोला देऊन गेल्या.

त्यापुढे येरोफेय पावलोविच नावाचे स्टेशन लागते. सतराव्या शतकात या भागात फिरलेल्या येरोफेय पावलोविच खाबारोव्हचे हे नाव आणि वडिलांचे नाव. आडनाव कुठे गेले? ते पुढे आहे, खाबारोव्स्क शहरात. मधले अंतर साधारण चौदाशे किलोमीटर, म्हणजे मुंबईहून रेल्वेने दिल्ली. एका गृहस्थाचे पूर्ण नाव घ्यायला जिथे जवळजवळ अख्खा दिवस लागतो, त्या देशाच्या आकाराबद्दल वेगळे आकडे द्यायला नकोत.

एवढा देश एकत्र कसा राहतो, यावर विद्वानांनी जाडजूड ग्रंथ लिहिले आहेत. झार, क्रांती, सैन्य, तेल अशी कारणे त्यांत असतात. बोळात मग घेऊन रांगेत उभे राहिल्यावर माझे मत वेगळे झाले. माझ्यापुढे खाणीतला इंजिनियर होता, मागे कोणाची तरी सासू होती, आणि सगळे एकाच तोटीकडे पाहत होते. बंब तापलेला असेल तोवर या देशाला धोका नाही.

जाणाऱ्यांनी सोबत सपाता, मोठा मग आणि दुप्पट चिवडा घ्यावा. निम्मा वाटण्यात जातो. घड्याळ घरी ठेवले तरी चालेल. गाडीत चढल्यावर प्रवदनित्सेला पहिला नमस्कार करावा, कारण कुलपाची किल्ली आणि बंबाची तोटी दोन्ही तिच्याच ताब्यात आहेत. आणि शेपू आवडत नसेल, तर विमानाने जावे.