बॉनेटवरची नवरी

लग्नाची गाडी सजवणारा माणूस गावोगावी असतो, आणि बॉनेटवर बाहुली बसवायची कल्पना आपलीच, अशी त्यातल्या प्रत्येकाची खात्री असते. आमचे अण्णा त्यांच्यातले ज्येष्ठ. पहाटे गुलटेकडीहून निशिगंध आणि जरबेरा येतो, वऱ्हाड पोह्यांवर असेपर्यंत गाडी तयार. मधोमध बाहुली. सोनेरी केस, निळे डोळे, अंगावर हिरवी नऊवारी, नाकात नथ आणि कपाळाला मुंडावळ्या. मुलगी कुठल्या देशातली, हे विचारायचं नाही. नऊवारी नेसवली की ती आपली.

अण्णांच्या मते ॲम्बॅसिडर गेली आणि बाहुलीचे दिवस संपले. त्या बॉनेटवर ती ऐसपैस बसायची. हल्लीच्या गाड्यांची बॉनेटं म्हणजे घसरगुंड्या. गाडी घेताना लोक मायलेज विचारतात, बॉनेटचा उतार कुणी विचारत नाही.

पण खरं दुःख वेगळंच. "लोकांनी माझं डिझाइन उचललं हो!" कुणाच्याही लग्नाला गेले की अक्षता हातात तशाच ठेवून आधी पार्किंग गाठतात. परक्या गाडीवर वीत टाकतात. "काचेपासून दोन वीत. माझंच." अडीच वीत भरली, तर "बघा, कळू नये म्हणून सरकवलीय!"

एकदा कुणीतरी त्यांना रोल्स रॉइसच्या नाकावरची मूर्ती मोबाईलवर दाखवली. चार्ल्स साइक्स नावाच्या शिल्पकाराने 1911 मध्ये घडवलेली. अण्णांनी चष्मा पुसला, बराच वेळ पाहिलं. "साडी कुठाय? वारा लागतोय बिचारीला." मग थोडं थांबून, "1911 म्हणता? आमचे आजोबा तेव्हा टांगे सजवायचे. साहेबाने बघितलं असणार."

शेवटी गेले वकिलाकडे. वकिलाने 2000 सालचा डिझाइन कायदा काढला. नोंदणी झाली तर दहा वर्षं हक्क, पुढे आणखी पाच. अण्णा खुर्चीत पुढे सरकले. फक्त वस्तू कोणत्या वर्गात घालायची ते ठरवा, वकील म्हणाले. मोटार असेल तर बारावा वर्ग, खेळणं असेल तर एकविसावा, कृत्रिम फुलं अकराव्यात. "एकविसाव्यात आणखी काय काय येतं?" "तंबू." अण्णा खूश झाले. मांडव आणि नवरी एका वर्गात, सरकारला लग्नातलं कळतं म्हणायचं!

मग त्यांनी हुकमाचा पत्ता टाकला. बाहुलीच्या पापण्या मिटतात. स्पीडब्रेकरवर गाडीचं नाक वर गेलं की ती मागे कलते आणि डोळे मिटते. "लाजते! हे कुणाकडे नाही." वकिलाने मान हलवली. कायद्यात धरतात ते नुसत्या डोळ्यांना दिसणारं रूप. आकार, नक्षी, रंग. आतली यंत्रणा त्यात येत नाही. म्हणजे नथीला संरक्षण मिळेल, लाजण्याला मिळणार नाही.

"बरं, डिझाइन नवं आहे ना? आधी कुठे लोकांसमोर आलेलं चालत नाही."

अण्णा याच प्रश्नाची वाट पाहत होते. पिशवीतून त्यांनी अल्बम काढले. एकावर एक, टेबलावर जागा उरली नाही. पहिल्या पानावर पद्मिनी, त्यावर बाहुली, मागे अख्खी वरात. "बघा की! साऱ्या पुण्याने पाहिलंय. साक्षीदार हवेत तर बँडवाले आणतो."

वकील पानं उलटत राहिले. आठव्या-नवव्या पानावर त्यांना स्वतःचंच लग्न सापडलं. गाडी तीच, बाहुली तीच, वकिलांना केस. अर्ज करण्यात अर्थ का नाही, हे त्यांनी तीन वेळा समजावलं. अण्णांनी त्यातून इतकंच घेतलं की डिझाइन फारच प्रसिद्ध असल्यामुळे सरकारला त्याची नोंद करणं झेपत नाही.

तेव्हापासून त्यांच्या बिलात फुलं, रिबिनी, मजुरी यांच्या खाली एक ओळ वाढली आहे. 'डिझाइनचे 51 रु.' गिऱ्हाईक शकुनाचे समजून देतं.